आपला माणूस आणि परके न्यायालय

द्वितीय वर्ष, कला

'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण आपल्याकडे घराघरांतून ऐकू येते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणापलीकडे तिचा काही उपयोग असेल असे आपल्याला वाटत नाही. पण जगातील मोठमोठी राष्ट्रेही हीच म्हण उराशी धरून बसली आहेत, आणि काहींनी तर तिचा आशय चक्क आपल्या राज्यघटनेत घातला आहे, असे सांगितले तर ऐकणारा हसेल. तरीही ते खरे आहे.

समजा, एखाद्या देशाचा नागरिक परदेशात गेला, तेथे त्याच्या हातून गुन्हा घडला आणि पोलिसांचा हात पोहोचण्यापूर्वी तो मायदेशी परतला. ज्या देशात गुन्हा घडला तो देश म्हणतो, "आमचा आरोपी आमच्या स्वाधीन करा." मायदेशाने अशा वेळी काय करावे? आपल्या माणसाला परक्यांच्या हाती द्यावे, की पाठीशी घालावे?

एका राज्याने आरोपीला दुसऱ्या राज्याच्या स्वाधीन करणे याला कायद्याच्या भाषेत प्रत्यर्पण म्हणतात. विजय मल्ल्या आणि नीरव मोदी यांच्यामुळे हा शब्द वर्तमानपत्रांतून आपल्या ओळखीचा झाला. परंतु त्या प्रकरणांत आरोपी आपला असून तो दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलेला आहे, आणि आपण मागणारे आहोत. मागणाऱ्याची बाजू नेहमीच सोपी असते. मला येथे देणाऱ्याच्या बाजूचा प्रश्न मांडायचा आहे, कारण खरी कसोटी तेथे लागते.

या प्रश्नाला जगात दोन मुख्य उत्तरे आहेत. पहिले उत्तर असे की, आपला नागरिक कोणाला द्यायचा नाही. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यातील सोळाव्या कलमाने कोणत्याही जर्मन नागरिकाचे परदेशाकडे प्रत्यर्पण करण्यास मनाई केली. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेनुसार जन्माने ब्राझीलचा असलेल्या नागरिकाला परदेशाच्या हवाली करता येत नाही. रशियाच्या १९९३ च्या राज्यघटनेचे एकसष्टावे कलम तेच सांगते. फ्रान्सची परंपराही हीच आहे. दुसरे उत्तर इंग्लंड व अमेरिकेचे. तेथे आरोपी स्वदेशी की परदेशी हा प्रश्न निर्णायक मानला जात नाही.

हा फरक केवळ स्वभावाचा नाही, त्यामागे कायद्याची रचना आहे. इंग्लिश कायद्याची मूळ धारणा अशी की, गुन्हा ज्या भूमीवर घडला तेथील न्यायालयानेच तो तपासावा. इंग्रज माणसाने परदेशात केलेल्या बहुतेक गुन्ह्यांचा खटला इंग्लंडमध्ये चालवताच येत नसे. तेव्हा त्याला परक्याच्या स्वाधीन करणार नाही असे म्हणणे म्हणजे त्याला मोकळा सोडण्यासारखेच झाले असते. युरोप खंडातील कायदा याच्या उलट. नागरिक जेथे जाईल तेथे स्वदेशाचा कायदा त्याच्याबरोबर जातो, अशी तेथील समजूत. मग परदेशात केलेल्या गुन्ह्याबद्दल घरी आल्यावर घरचेच न्यायालय त्याला जाब विचारू शकते. म्हणजे 'देणार नाही' या वाक्याचा 'आम्हीच त्याचा न्याय करू' हा उत्तरार्ध मुळातच त्यात गृहीत होता. माझा सारा मुद्दा या उत्तरार्धाविषयी आहे.

भारत या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. आपल्या १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्यात भारतीय नागरिक देऊ नये असे कोठेही म्हटलेले नाही. ब्रिटनशी १९९२ मध्ये आणि अमेरिकेशी १९९७ मध्ये झालेल्या करारांत नागरिकत्वाच्या सबबीवर नकार देण्याची सोय ठेवलेली नाही. याउलट संयुक्त अरब अमिरातीशी १९९९ मध्ये झालेल्या करारात दोन्ही देशांनी आपापले नागरिक द्यायचे नाहीत, पण त्यांच्यावर स्वदेशात खटला भरायचा, असे ठरले आहे. खटला भरण्यास कायद्याची अडचण नाही. भारतीय नागरिकाने परदेशात केलेला गुन्हा येथे चालवता येतो, ही तरतूद १८६० च्या भारतीय दंड संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे.

आता कायद्याची पुस्तके बाजूला ठेवून प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मार्च २००३ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा खून झाला. संशयित भारतीय नागरिक होता आणि तो भारतात पळून आला होता. मुलीचे आईवडील स्वतः भारतात आले आणि त्याला शोधण्यासाठी त्यांनी येथील लोकांना आवाहन केले. २००४ मध्ये तो पश्चिम बंगालमध्ये पकडला गेला. तीन वर्षे न्यायालयीन प्रक्रिया चालली आणि २००७ मध्ये भारताने त्याला ब्रिटनच्या स्वाधीन केले. २००८ मध्ये तेथे तो दोषी ठरला व त्याला जन्मठेप झाली. आपला माणूस परक्यांना दिला म्हणून भारताची मान खाली गेली काय? मला तर उलटेच वाटते. परक्या देशातील आईवडील न्याय मागण्यासाठी आपल्या दारी आले आणि रिकाम्या हाताने परतले नाहीत, यात देशाची शोभाच झाली.

दुसरा मार्ग इस्रायलच्या एका प्रकरणात दिसतो. १९९७ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एका सतरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप आला. तो अमेरिकेतच जन्मलेला व वाढलेला होता, पण वडिलांकडून आलेल्या इस्रायली नागरिकत्वाच्या आधारावर तो इस्रायलला पळाला. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी त्याचे प्रत्यर्पण नाकारले, कारण तेथील १९७८ चा कायदा नागरिकांना देऊ देत नव्हता. मात्र त्याच्यावर इस्रायलमध्ये खटला चालला आणि त्याला चोवीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी इस्रायलने आपला कायदाही बदलला. खटल्यासाठी नागरिक परदेशी द्यावा, पण तो इस्रायलचा रहिवासी असेल तर शिक्षा भोगण्यासाठी त्याला परत आणावे, असा मधला मार्ग त्यांनी काढला. या मार्गाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरा मार्ग मात्र चिंतेचा आहे. त्यात आरोपी परक्यालाही मिळत नाही आणि घरीही त्याच्यावर खटला चालत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर लित्विनेन्को या माजी रशियन हेराचा पोलोनियम या किरणोत्सारी द्रव्याच्या विषबाधेने मृत्यू झाला. २००७ मध्ये ब्रिटनने आंद्रेई लुगोवोई या रशियन नागरिकाची मागणी केली. रशियाने एकसष्टाव्या कलमाकडे बोट दाखवले. आरोप लुगोवोई यांना मान्य नव्हते. परंतु त्यांची शहानिशा रशियातील कोणत्या न्यायालयात झाली? कोठेच नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते रशियाच्या संसदेवर निवडून मात्र आले. राज्यघटनेचे कलम जेव्हा न्यायालयाऐवजी संसदेचे दार उघडते, तेव्हा त्याला नागरिकाचे संरक्षण म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

जपानची कथा तर एखाद्या नाटकात शोभावी अशी आहे. पेरू देशाचे अध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी हे जपानी वंशाचे. २००० साली त्यांची सत्ता डळमळली तेव्हा ते टोकियोत जाऊन राहिले आणि तेथूनच त्यांनी राजीनामा पाठवला. जपानने ते आपले नागरिक असल्याचे जाहीर केले. पेरूने मागणी केली, जपानने नकार दिला. पुढे २००५ मध्ये फुजिमोरी स्वतःहून चिली देशात गेले, तेथे पकडले गेले, आणि २००७ मध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पेरूच्या स्वाधीन करण्याचा निर्णय दिला. २००९ मध्ये मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाबद्दल त्यांना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. जपानने दडपून ठेवलेला प्रश्न खोटा नव्हता, हे त्या निकालाने दाखवून दिले.

नियतीचा न्याय असा की, पुढे जपानवर मागणारा होण्याची पाळी आली. निस्सान मोटार कंपनीचे प्रमुख कार्लोस घोन यांच्यावर जपानमध्ये आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप होते. डिसेंबर २०१९ मध्ये जामिनावर असताना ते वाद्ये ठेवण्याच्या मोठ्या पेटीत लपून जपानबाहेर निसटले आणि लेबनॉनला पोहोचले. ते लेबनॉनचेही नागरिक आहेत, आणि लेबनॉन आपला नागरिक देत नाही. पेरूला जे उत्तर मिळाले तेच जपानला मिळाले! पण गोष्ट येथेच संपत नाही. घोन यांना पळून जाण्यास मदत करणारे दोघे अमेरिकेचे नागरिक होते, बाप आणि मुलगा. अमेरिकेने २०२१ मध्ये त्या दोघांना जपानच्या हवाली केले आणि तेथे त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पेटी उचलणारे तुरुंगात गेले, पेटीत बसलेला माणूस बैरूतमध्ये सुखरूप राहिला. एकाच पलायनात दोन पारपत्रांनी दोन वेगळी नशिबे लिहिली. आता पारपत्र ही काही गुन्ह्याची मोजपट्टी नव्हे. कायद्यापुढे सर्व समान असे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकलो. देशाची सीमा ओलांडली की ते वाक्य किती पातळ होते, हे या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

यावर कोणी म्हणेल की, हा राष्ट्राच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे. आपल्या हाताने आपला माणूस परक्याला देणे म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. या युक्तिवादाचा सर्वांत भयंकर उपयोग कोलंबियात झाला. अमेरिकेशी १९७९ मध्ये झालेल्या करारामुळे कोलंबियातील अमली पदार्थांच्या बड्या व्यापाऱ्यांना अमेरिकेतील तुरुंगाची धास्ती वाटू लागली. 'अमेरिकेतील तुरुंगापेक्षा कोलंबियातील कबर बरी' अशी घोषणा पाब्लो एस्कोबार व त्याच्या साथीदारांनी दिली आणि देशाभिमानाची भाषा तोंडी घेऊन त्यांनी रक्तपात सुरू केला. न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांची १९८४ मध्ये हत्या झाली. प्रत्यर्पणाचे पुरस्कर्ते व अध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान १९८९ मध्ये मारले गेले. अखेर १९९१ च्या राज्यघटनेने नागरिकांच्या प्रत्यर्पणावर बंदी घातली. घटना समितीत ती बंदी संमत झाली त्याच दिवशी एस्कोबार शरण आला आणि पुढच्याच वर्षी तुरुंगातून निसटला. १९९७ मध्ये कोलंबियाने घटनादुरुस्ती करून ती बंदी उठवली. ज्या तरतुदीसाठी गुन्हेगार एवढे रक्त सांडायला तयार होतात, ती तरतूद राष्ट्राच्या स्वाभिमानाची असे म्हणायला जीभ रेटत नाही.

तरीही दुसऱ्या बाजूला सत्याचा अंश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी ज्या घरातून आलो, तेथे कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तालुक्याच्या कोर्टातून आलेला कागद वाचून घेण्यासाठी आमच्याकडची माणसे वकिलाच्या कारकुनासमोर तासन् तास उभी राहतात. तो कागद मराठीत असला तरी त्यांना परकाच असतो. अशा माणसाला सातासमुद्रापलीकडच्या न्यायालयात, अनोळखी भाषेत, ओळखीचा चेहरा नसताना उभे केले तर तो आपला बचाव कसा करील? कोकणातून आखाती देशांत कामाला जाणारे मजूर आहेत, चालक आहेत, स्वयंपाकी आहेत. त्यांच्यापैकी एखाद्यावर खोटा आरोप आला आणि तो घरी परतला, तर अमिरातीशी झालेला करार त्याला स्वतःच्या देशात, आपल्या माणसांच्या जवळ राहून बाजू मांडण्याची संधी देतो. ही संधी मला तुच्छ वाटत नाही. 'आपला नागरिक देणार नाही' या तत्त्वाचा जन्म याच काळजीतून झाला असेल तर त्याला माझा नमस्कार आहे. पण काळजी वेगळी आणि लपवाछपवी वेगळी. आई मुलाला पदराखाली घेते ती त्याला मार बसू नये म्हणून. त्याने काय केले हे विचारूच नये म्हणून नव्हे.

या दोन्ही बाजूंची खरी परीक्षा आपल्या देशाला पाहावी लागली ती पुरुलिया प्रकरणात. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका विमानातून शेकडो रायफली आणि दारूगोळ्याचा प्रचंड साठा खाली टाकण्यात आला. काही दिवसांनी ते विमान पुन्हा भारतावरून जात असताना वायुदलाने त्याला मुंबईच्या विमानतळावर उतरण्यास भाग पाडले. विमानातील ब्रिटिश नागरिक पीटर ब्लीच आणि पाच वैमानिक व कर्मचारी पकडले गेले. पण किम डेव्ही हे नाव धारण केलेला नील्स होल्क हा डेन्मार्कचा नागरिक मुंबई विमानतळावरूनच निसटला. पकडलेल्यांना २००० मध्ये जन्मठेप झाली. मात्र रशियाच्या विनंतीवरून विमान कर्मचारी त्याच वर्षी सुटले आणि २००४ मध्ये ब्लीचचीही सुटका झाली. प्रत्येकाच्या पाठीशी त्याचे त्याचे राज्य उभे राहिले.

डेन्मार्कने प्रारंभी काही वेगळे केले. तेथील सरकारने २०१० मध्ये होल्क याला भारताकडे देण्याचा निर्णय घेतला. फाशी देणार नाही आणि झालेली शिक्षा डेन्मार्कमध्ये भोगू देऊ, अशी हमी भारताने दिली होती. पण हिलेरॉड येथील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि २०११ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताची मागणी पुन्हा एकदा फेटाळली गेली. कारण कोणते? नागरिकत्व नव्हे. आरोपीला भारतात छळ किंवा अमानुष वागणूक मिळण्याचा धोका आहे, हे कारण.

भारताने या निकालांचा निषेध केला आणि मध्यंतरी डेन्मार्कशी संबंधही थंडावले. आपला राग समजण्यासारखा आहे. आमच्या खेड्यांवर शस्त्रे टाकणारा माणूस तेथे मोकळा फिरतो आणि त्याच्यावर डेन्मार्कमध्येही खटला उभा राहिला नाही, हे कोणत्याही भारतीयाला बोचणारच. परंतु नुसता राग पुरेसा नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अद्याप दिलेली नाही. कोठडीत माणूस मेल्याची बातमी आपण चहा पिता पिता वाचतो आणि पान उलटतो. ती बातमी परदेशचा न्यायाधीशही वाचतो, हे आपण विसरतो. तुरुंगांची आणि कोठड्यांची अवस्था हा गरीब कैद्यांपुरता प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हिलेरॉडचा निकाल डोळ्यांपुढे आणावा. ज्याला आपण न्यायासाठी मागतो, तो आपल्याच कोठडीच्या लौकिकामुळे सुटतो.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसली. त्या कटातील डेव्हिड हेडली हा अमेरिकेचा नागरिक. अमेरिका आपले नागरिक देते हे वर आलेच आहे. पण गुन्हा कबूल करताना त्याने भारताकडे न पाठवण्याची अट मान्य करून घेतली आणि २०१३ मध्ये त्याला अमेरिकेतच पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. कॅनडाचा नागरिक असलेला तहव्वुर राणा मात्र एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या स्वाधीन झाला. म्हणजे 'आम्ही आमची माणसे देतो' म्हणणाऱ्या देशापाशीही न देण्याच्या वाटा असतात. फरक एवढाच की हेडली तुरुंगात आहे. मुंबईकरांचे समाधान झाले नसेल, पण प्रश्न दडपला गेला नाही.

तर मग उपाय काय? 'एक तर स्वाधीन करा, नाही तर खटला चालवा' हे तत्त्व जुनेच आहे. डच पंडित ग्रोशियस याने १६२५ मध्येच त्याची मांडणी केली होती, आणि विमान अपहरणाविषयीच्या १९७० च्या हेग करारात ते लिहिले गेले. युरोपीय संघातील देशांनी त्यापुढे पाऊल टाकले आहे. जर्मनीने २००० साली आपले सोळावे कलम दुरुस्त करून संघातील देशांना आपला नागरिक देण्याची वाट खुली केली. ती सहजासहजी झाली नाही. २००५ मध्ये जर्मनीच्याच घटना न्यायालयाने यासंबंधीचा पहिला कायदा रद्द केला आणि तो नव्याने लिहावा लागला. पण शेजाऱ्याच्या न्यायालयावर विश्वास बसला की आपला माणूस त्याच्यापुढे उभा करण्याचे भय कमी होते, हे त्यातून दिसले.

मला स्वतःला इस्रायलने स्वीकारलेला मधला मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो. जेथे गुन्हा घडला तेथे साक्षीदार असतात, पुरावा असतो आणि ज्याचे नुकसान झाले तो माणूसही तेथेच असतो. म्हणून खटला तेथे चालावा. शिक्षा मात्र आरोपीने आपल्या देशात, आपल्या भाषेच्या माणसांत भोगावी. त्यासाठी लागणारा कैद्यांच्या मायदेशी पाठवणीचा कायदा भारतात २००३ पासून आहे. परक्या न्यायालयात वकील आणि दुभाषी मिळवून देण्याची जबाबदारी मायदेशाने उचलावी. आणि जेथे छळाची किंवा अन्यायाची रास्त भीती असेल तेथे नागरिक देऊ नये. पण मग घरच्या न्यायालयात खटला उभा करावा आणि तो उघडपणे चालवावा. नकार देण्याचा अधिकार खटला चालवण्याच्या कर्तव्यापासून तोडता कामा नये, एवढेच माझे म्हणणे.

नागरिकत्व हे घरासारखे आहे. ऊन, पाऊस आणि अन्याय यांपासून त्याने माणसाला आसरा द्यावा. पण दाराबाहेर ज्याचे काही हरवले आहे, ज्याचे कोणी मारले गेले आहे, तो हाक मारीत उभा असेल, तर घरातल्यांनी कडी लावून गप्प बसू नये. दार उघडून त्याचे म्हणणे ऐकावे. आपला तो बाब्या खराच. पण बाब्याने काय केले, हे विचारण्याचे धैर्य ज्या घरात असते, त्याच घराचा शब्द चारचौघांत चालतो.